खांदेरी : समुद्रातील तोफांचा किल्ला
(इतिहासाचा नमुना पाठ, इयत्ता चौथी)

मुक्ताईनगर परिसरातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यामुळे जलदुर्गाच्या पाठात किल्ल्याचे नाव व सन एवढेच मुखोद्गत होते आणि किल्ला तेथेच का बांधला, हा खरा प्रश्न बाजूस राहतो. पुढील पाठ या प्रश्नाभोवती रचला आहे.

पूर्वज्ञान : चांगदेव येथील तापी-पूर्णा संगम व हतनूर धरणाचा विस्तीर्ण फुगवटा मुलांच्या परिचयाचा आहे. ‘ही तापी पुढे कोठे जाते?’ असे विचारून नकाशावर मुलांस सुरतेपर्यंत न्यावे. बऱ्हाणपूरचे कापड खानदेशातून सुरतेस जाई व तेथे जहाजावर चढे, हे सांगावे. समुद्र आपल्या प्रांतास परका नव्हता, हे त्यावरून ध्यानी येईल. मग किनाऱ्याने दक्षिणेस, मुंबई ओलांडून, अलिबागजवळील थळ गावी यावे. थळसमोर समुद्रात दोन बेटे आहेत : किनाऱ्याजवळचे उंदेरी व त्यापलीकडील खांदेरी.

हेतुकथन : ‘एवढ्याशा बेटासाठी तीन सत्ता का झगडल्या, ते आज आपण पाहू.’

विषयनिरूपण : मुंबई बंदर इंग्रजांकडे होते. मोगलांच्या पक्षाचा जंजिऱ्याचा सिद्दी अनेकदा पावसाळ्यात आपले आरमार मुंबईच्या आश्रयास ठेवी व मराठी मुलखास उपद्रव देई. खांदेरीवरून या दोघांवरही नजर ठेवता येई. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये तेथे बांधकाम करण्याचा प्रयत्न केला. परंतु विरोधामुळे ते राहिले. १६७९ च्या ऑगस्टअखेर मायनाक भंडारी यांच्या हाताखाली सुमारे दीडशे माणसे चार लहान तोफांसह बेटावर उतरली आणि तट उभा राहू लागला.

इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या मराठी आरमाराने त्यांच्यावर चाल केली. इंग्रजांचे ‘डोव्हर’ हे गलबत मराठ्यांच्या हाती आले. परंतु ‘रिव्हेंज’ जहाजाने नेटाने तोंड दिल्यामुळे मराठी आरमारास नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली. हा भाग शिक्षकाने झाकून ठेवू नये. लढाईत माघार घेऊनही बेट कसे टिकले, हाच येथे विचारण्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर रात्रीच्या लहान होड्यांत आहे. वारा पडला म्हणजे मोठी जहाजे अडकून पडत. मराठी होड्या मात्र वल्ह्यांच्या बळावर काळोखात निसटून बेटावर दाणागोटा व माणसे पोहोचवीत. तोफांइतकाच हा किल्ला वल्हेकरी, पाथरवट व भंडारी-कोळ्यांच्या कष्टांवर उभा राहिला. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने समोरच्या उंदेरीवर तोफा चढविल्या. त्याच वर्षी इंग्रजांनी मात्र महाराजांशी समेट केला व खांदेरी मराठ्यांकडे राहिली. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला, तोही फसला.

प्रयोग : एका मुलास झोक्यावर बसवून हळू झोके द्यावेत व समोरील टोपलीत खडे टाकण्यास सांगावे. नंतर तेच त्याने जमिनीवर उभे राहून करावे. हलत्या जहाजावरील तोफेपेक्षा स्थिर बुरुजावरील तोफेचा नेम का साधतो, हे मुले स्वतःच सांगतील. तटाच्या पायथ्याशी समुद्रात मोठाले दगड टाकलेले आहेत. त्यांवर लाटा फुटतात व शत्रूच्या होडीस बाजू लावता येत नाही. नदीकाठच्या दगडी बांधाचे उदाहरण येथे द्यावे.

सद्यःस्थिती : पेशवाईच्या अस्तानंतर किल्ला इंग्रजांकडे गेला. १८६७ मध्ये बेटावर दीपगृह उभारले गेले. १९९८ मध्ये बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. तट जागोजाग ढासळला आहे. तरी बुरूज व गाड्यांवरील जुन्या तोफा पाहावयास मिळतात. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांत खांदेरी आहे.

उजळणीचे प्रश्न :
१. खांदेरीवरून कोणाकोणावर नजर ठेवता येई?
२. आरमार मागे हटले तरी बेट का टिकले?
३. सिद्दीने उंदेरीच का निवडली?

उपयोजन : आपल्या भागात अनेक गावी जुनी गढी असते. मुलांस तेथे न्यावे. ती उंचावर का आहे, पाणी कोठून येई, वाट कोणत्या बाजूने दिसते, हे त्यांनी पाहून वहीत नकाशा काढावा. गढीची पांढरी माती व दगड लोक घरकामास नेतात. काय शिल्लक आहे आणि काय गेले, याचीही नोंद करावी. वृद्धांनी सांगितलेली गोष्ट व डोळ्यांनी पाहिलेली वस्तू वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी. ही सवय ज्या मुलास लागेल, त्यास समुद्र न पाहताही खांदेरी समजेल.