उवांवरचे औषध विकताना: मालाचा गुण सांगा, दोषही सांगा

शाळा सुरू झाल्या की मुलींच्या डोक्यात उवा होतात आणि आया काष्ठौषधीच्या दुकानाची पायरी चढतात. जळगाव-धुळ्याकडे अत्तार आणि पंसारी बांधवांकडे सहसा दोन वस्तूंची मागणी होते: निंबोळीचे तेल आणि सीताफळाच्या बियांची पूड. दोन्हींचा कच्चा माल आपल्या खानदेशात आहे. निंबोळी पावसाच्या तोंडावर शेताच्या बांधावर पडते. सीताफळ सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरउतारावर पिकते. धंदा हलाल आहे, पण तो माहिती घेऊन करावा.

निंबोळी : बियांच्या मगजात अझाडिरॅक्टिन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे किड्याची कात टाकण्याची क्रिया बिघडते. निंबोळी अर्काच्या शाम्पूने मुलांच्या उवा मेल्याचे इजिप्तमधील अभ्यासात दिसले. तो 2007 साली प्रसिद्ध झाला. मात्र तो ठरावीक प्रमाणात बनवलेला शाम्पू होता. आपल्या घाण्याच्या तेलात हे द्रव्य दर खेपेला कमी-जास्त उतरते. म्हणून ‘एका रात्रीत खात्रीने’ असे गिऱ्हाइकाला सांगू नये. हे तेल लहान मुलांच्या पोटात गेल्यास विषबाधा होते, हेही बजावून सांगावे.

सीताफळाच्या बिया : यांतील द्रव्ये उवा मारतात, पण तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळावरचा पातळ पडदा सोलवटतो. असह्य आग होते, डोळा लाल होतो, दिसणे धूसर होते. डोक्याला लेप लावून फडके बांधतात आणि धुताना पाणी डोळ्यात उतरते, तिथेच घात होतो. असे झाल्यास स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. आमचे मत स्पष्ट आहे: लहान मुलांसाठी ही पूड देऊच नये. गिऱ्हाईक हातचे गेले तरी चालेल.

लिखा : औषधाने उवा मेल्या तरी लिखा बहुधा वाचतात आणि सात ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून आठ-नऊ दिवसांनी उपचार पुन्हा करावा लागतो. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर दोन-तीन दिवसांनी फिरवणे हा सर्वांत निर्धोक उपाय. फणी विकणाऱ्या आणि बनवणाऱ्या बांधवांनी हे लक्षात घ्यावे. तेलासोबत फणी दिली तर गिऱ्हाइकाचे काम होते आणि दुकानाचेही.

कायदा : स्वतः बाटल्या भरून, औषध म्हणून लेबल लावून विकायचे असेल तर 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो. तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा.

मालातला ऐब लपवून केलेल्या विक्रीत बरकत नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुडी बांधताना दोन शब्द जास्त बोलायला पैसे पडत नाहीत. त्याने एखाद्या लेकराचा डोळा वाचतो.