सातव्या महिन्यानंतरची कंबर-जांघदुखी : समजून घेऊया, सांभाळून घेऊया



आजचा पाठ मुलांसाठी नाही, मोठ्यांसाठी आहे. विषय थोडा संकोचाचा आहे, म्हणूनच त्यावर बोलायला हवं. आपल्या शाळांमध्ये सातव्या-आठव्या महिन्यातही फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षिका आहेत. मुलांना सोडायला येणाऱ्या आयांमध्येही गरोदर माता असतात. त्यांच्यापैकी एखादी म्हणते, "जांघेत फार दुखतंय हो, पाय उचलवत नाही." त्यावर उत्तर ठरलेलं. घरात मराठी बोलत असोत, तेलुगू बोलत असोत की कन्नड, अर्थ एकच : "सगळ्यांनाच होतं, बाळंत झालीस की थांबेल."

हे वाक्य अर्धं खरं आहे. दुखणं खूप जणींना होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं थांबतंही. पण तोपर्यंतचे दोन-तीन महिने ते अंगावर काढायलाच हवं, हे मात्र खरं नाही.

नेमकं कुठे दुखतं?

साधी कंबरदुखी आणि हे दुखणं यात फरक आहे. हे दुखणं कमरेच्या खाली, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना, कुल्ल्यात, जांघेत किंवा अगदी समोर, ओटीपोटाच्या खालच्या हाडावर जाणवतं. कधी मांडीत उतरतं. कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार किंवा परकर घालताना, रिक्षात चढताना कळ येते. काहींना समोरच्या हाडात कटकट आवाज जाणवतो. साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला असा त्रास होतो. म्हणजे हे नाटक नाही, लाडही नाहीत.

का दुखतं?

वर्गात सांगतो तसं सांगते. तीन ठिकाणी जोड असलेली एक बांगडी डोळ्यांसमोर आणा. आपल्या कमरेखालचं हाडांचं कडं तसंच आहे. दोन जोड मागे, माकडहाडाच्या वरच्या बाजूला, आणि एक जोड समोर. एरवी हे जोड घट्ट असतात. समोरच्या जोडात साधारण ४ ते ५ मिलिमीटरची फट असते. गरोदरपणात शरीरातल्या संप्रेरकांमुळे सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात आणि ही फट आणखी २ ते ३ मिलिमीटरने वाढते. बाळाला वाट मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे.

मग त्रास कशाने होतो? दोन्ही बाजूंवर सारखा भार असेल तर कडं सांभाळून घेतं. पण आपण एका पायावर उभे राहिलो, पाय फाकवले किंवा एका बाजूला वजन घेतलं, की एक बाजू वर आणि दुसरी खाली ओढली जाते. सैल जोड असमान हलतो, त्याला आधार देणारे स्नायू ताणले जातात आणि दुखतं. बऱ्याचदा काम करताना फारसं कळत नाही, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कळतं. ज्यांना आधीच्या गरोदरपणात हा त्रास झाला होता, ज्यांच्या कमरेला पूर्वी मार लागलाय किंवा ज्यांचं काम अंगमेहनतीचं आहे, त्यांना तो जास्त संभवतो. या दुखण्याने बाळाला इजा होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

आपल्या रोजच्या कामांत हे कुठे लपलंय?

सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली, यावरूनच हा व्यवसाय किती घरांत आहे ते कळतं. मांडीवर सूप घेऊन तासन् तास जमिनीवर बसायचं, गुडघे फाकलेले, पाठ वाकलेली. भाकरी थापतानाची बैठकही अनेक घरांत अशीच. धुणं उकिडवं बसून. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी एका कमरेवर कळशी घेऊन फेऱ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी पाय टेकवत नाही. शिक्षिकेचं वेगळं : चार-पाच तास उभं राहणं, एका खांद्यावर वह्यांची पिशवी, आणि एसटीची उंच पायरी.

काय करता येईल?

एकच नियम पाठ करा : गुडघे जोडीनं हलवा, वजन दोन्हीकडे सारखं ठेवा. बाकी सगळं यातूनच येतं.

• कूस बदलताना गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवा आणि पूर्ण अंग एकत्र वळवा. झोपताना कुशीवर झोपा. आपली सोलापुरी चादर घडी घालून गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत दोन्ही पायांच्या मध्ये ठेवा. महागडी उशी लागत नाही.

• उठताना आधी कुशीवर या, मग हातांनी रेटा देऊन बसा. जमिनीवरच्या अंथरुणापेक्षा खाट बरी.

• कपडे नेहमी बसूनच घाला.

• जिना एकेक पायरीने. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी. कठडा धरा. फेऱ्याच कमी करा.

• रिक्षात किंवा गाडीत आधी सीटवर बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. दुचाकीवर पाय टाकून चढणं टाळलेलं बरं.

• विड्या वळणं, भाजी निवडणं, वह्या तपासणं खुर्चीवर बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला. विडीच्या कामात तंबाखूची धूळही अंगात जाते, म्हणून या दिवसांत ते काम जितकं कमी होईल तितकं चांगलं.

• उकिडवं बसताना दुखत असेल तर कमोड वापरा. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची खुर्ची बाजारात मिळते.

• कळशी, बादली, मोठं मूल कडेवर घेणं बंद. छोट्याला जवळ घ्यायचंच असेल तर आपण बसावं आणि त्याने मांडीवर चढावं.

पूर्ण झोपून राहणं हा मात्र उपाय नव्हे. त्याने स्नायू आणखी कमजोर होतात. झेपेल तेवढं चालावं, दुखायच्या आत थांबावं. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते दिवसातून काही वेळा आवळायचे आणि सोडायचे. हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. आधाराचा पट्टाही त्यांना विचारूनच घ्यावा. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून कमरेला थोडा वेळ चालते, पोटावर नको. पोट चोळून घेणं तर नकोच.

गोळ्यांबाबत सावध राहा. घरात पडलेली दुखण्याची गोळी गरोदरपणात घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या शेवटच्या महिन्यांत बाळाला अपाय करू शकतात. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

हे "नेहमीचं दुखणं" समजू नका

पुढीलपैकी काहीही झालं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा :

• ३७ आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने पोट कडक होऊन येणाऱ्या कळा
• अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं
• बाळाची हालचाल कमी वाटणं
• ताप, थंडी, लघवीला जळजळ
• तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज
• पायात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा अजिबात चालता न येणं

१०८ किंवा १०२ वर रुग्णवाहिका मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे "सगळं ठीक आहे" एवढंच सांगून परत येऊ नका. कुठे, कशाने, किती दुखतं ते बोटाने दाखवून सांगा. आशाताईंनाही सांगून ठेवा.

आणि बाळंतपणाची भीती घालू नका. हा त्रास असलेल्या बहुतेक स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. फक्त पाय किती फाकवले की दुखतं, हे नर्सताई आणि डॉक्टरांना आधीच सांगायचं. कुशीवर राहून कळा घेता येतील का, तेही विचारायचं.

शाळेने आणि घराने काय करावं?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच असं म्हटलं होतं की, अपेक्षित प्रसूतीच्या सहा आठवडे आधीच्या एका महिन्यात गरोदर स्त्रीने मागणी केली, तर तिला कष्टाचं किंवा दीर्घ काळ उभं राहण्याचं काम देऊ नये. रजा घेतली नसेल तर त्यापुढच्या सहा आठवड्यांतही नाही. उभं राहण्याचा त्रास कायदा करणाऱ्यांना तेव्हाच कळला होता. आपण मुख्याध्यापक आणि सहकारी म्हणून एवढं तरी करू शकतो : त्यांचा वर्ग तळमजल्यावर आणा, फळ्याजवळ खुर्ची ठेवा, परिपाठाला बसू द्या, मैदानावरचं काम दुसऱ्या कुणी घ्या. फळ्यावर लिहायला मुलं आनंदाने येतात.

घरातल्यांसाठी : सासूबाईंनी "आम्ही नाही का केलं?" म्हणण्याआधी आपली त्या वेळची कंबर आठवावी. नवऱ्याने पाण्याच्या दिवशी कळशी स्वतः उचलावी. डोहाळजेवणाला पाटावर तासभर मांडी घालून बसवण्याऐवजी छान सजवलेली खुर्ची द्यावी. फोटोही चांगले येतात!

पुढच्या माता-पालक सभेत या विषयासाठी दहा मिनिटं राखून ठेवा. तीन जोडांची बांगडी फळ्यावर काढा आणि गुडघे जोडून कूस कशी बदलायची ते सांगा. एखादी आई त्या रात्री शांत झोपली, तर तो तास सार्थकी लागला म्हणायचा.