लोकप्रतिनिधीचा सातबारा

ताडकळससारख्या गावात कोणाच्या नावावर किती एकर जमीन आहे आणि ती वडिलोपार्जित की विकत घेतलेली, हे पारावर कोणीही सांगेल. शंका उरलीच तर गावदप्तरात सातबारा आहे. परंतु ज्याच्या हाती आपण राज्यकारभार सोपवितो, त्याची मालमत्ता जाणण्याचा हक्क मतदाराला स्वातंत्र्यानंतर अर्धशतक उलटले तरी नव्हता.

१९९९ साली अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांच्या पुढाकाराने हा प्रश्न न्यायालयात गेला. उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा मूलभूत हक्क होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून हा हक्क आखडता घेतला. ती तरतूद न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी रद्द केली. तेव्हापासून अर्जासोबत मालमत्तेचे शपथपत्र जोडावे लागते; आता ते नमुना २६ मध्ये असते.

हे शपथपत्र वाचावे कसे? त्यात उमेदवार, पती किंवा पत्नी, अविभक्त कुटुंब व अवलंबित यांचे रकाने वेगळे असतात. एका बाजूस रोकड, ठेवी, समभाग, विमा, वाहने व दागिने. दुसऱ्या बाजूस शेती, भूखंड, दुकाने व घरे. स्थावराबाबत खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत आणि आजचा अंदाजे बाजारभाव द्यावा लागतो. कर्जेही दाखवावी लागतात.

श्री. उद्धव ठाकरे यांचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. मे २०२० मध्ये विधान परिषदेसाठी अर्ज भरताना त्यांनी प्रथमच मालमत्ता जाहीर केली. कुटुंबाची एकूण मालमत्ता सुमारे १४३ कोटी रुपये होती. पैकी त्यांच्या नावे सुमारे ७६ कोटी ५९ लाख, पत्नीच्या नावे सुमारे ६५ कोटी ९ लाख व अविभक्त कुटुंबाच्या नावे सुमारे १ कोटी ५८ लाख होते. केवळ पहिला रकाना पाहणाऱ्यास निम्मेच चित्र दिसले असते. शिवाय निवडणूक लढविली नाही, तर हे शपथपत्रही नाही, ही या व्यवस्थेची मर्यादाही येथे ध्यानात येते.

श्रीमंती हा गुन्हा नव्हे. पाहावयाचे ते एवढेच, की दोन निवडणुकांच्या दरम्यान झालेली वाढ सांगितलेल्या उत्पन्नाशी जुळते काय? उत्पन्नाचे साधन सांगणे आता बंधनकारक आहे. २०१९ पासून पाच वर्षांचे आयकर विवरणातील उत्पन्न व परदेशातील मालमत्ताही द्यावी लागते. मात्र निवडणूक निर्णय अधिकारी आकड्यांची शहानिशा करीत नाही. खोट्या माहितीस सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्हीही शिक्षा होऊ शकतात. परंतु खोटेपणा दाखवून देणारा कोणी तरी पुढे यावा लागतो.

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ही शपथपत्रे सर्वांस खुली आहेत. बांधावरून हातभर जमीन सरकली तरी आपण मोजणी मागवितो. मतदानापूर्वी आपल्या उमेदवाराची दोन शपथपत्रे शेजारी ठेवून वाचण्यास एक संध्याकाळ पुरेल. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी एवढा अभ्यास अवश्य करावा.