कुठलं काम कुठल्या मशीनवर?

हवामानाचं मॉडेल असो की मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण, आजच्या बहुतेक संशोधनामागे बराच मोठा कोड असतो. त्यातली एक ओळ बदलली तरी प्रोग्राम नव्याने कंपाइल करायचा, त्याच्या चाचण्या घ्यायच्या आणि मग तो इतरांना वापरायला द्यायचा, हे सगळं हल्ली आपोआप होतं. या साखळीला पाइपलाइन म्हणतात आणि तिच्या प्रत्येक टप्प्याला स्टेज. ती चालवणारं एक लोकप्रिय, मुक्त साधन म्हणजे जेनकिन्स. आज पाहू, कुठली स्टेज कुठल्या मशीनवर चालावी हे त्याला कसं सांगायचं, आणि मुळात ते का सांगायचं.

मशीन बदललं तर काय बिघडतं?

संगणक दशांश संख्या ठरावीक अंकांपर्यंतच साठवतो. त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलू शकतं. पायथॉनमध्ये करून पाहा. ०.१ आणि ०.२ यांच्या बेरजेत ०.३ मिळवले, तर उत्तराच्या शेवटी, दशांश चिन्हानंतर १६ व्या जागी, एक आगाऊ १ दिसतो. आधी ०.२ आणि ०.३ मिळवून त्यात ०.१ घातला, तर सरळ ०.६ येतं. मशीनमधल्या कोअरची संख्या वेगळी असली की समांतर बेरजेचे गट वेगळे पडतात, म्हणजे क्रम बदलतो. लाखो पायऱ्यांच्या गणितात हा फरक वाढतही जाऊ शकतो.

दुसरा धोका अधिक ढोबळ आहे. समजा, नव्या प्रोसेसरवर 'खास याच मशीनसाठी' म्हणून कंपाइल केलं आणि चाचणी जुन्या मशीनवर गेली. नव्या प्रोसेसरच्या एव्हीएक्स-५१२ सूचना जुन्याला कळत नसतील, तर प्रोग्राम तिथेच बंद पडतो. योगायोगाने दोन्ही स्टेज नव्या मशीनवर आल्या की तीच चाचणी पास! कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचणीकडे लोक हळूहळू दुर्लक्ष करू लागतात. मग खरी चूकही निसटते आणि थेट शोधनिबंधाच्या आकड्यांत जाऊन बसते.

लेबल लावा

जेनकिन्समध्ये काम करणाऱ्या मशीनला एजंट म्हणतात. पाइपलाइनच्या सुरुवातीला 'एजंट एनी' लिहिलं, की जे मशीन मोकळं असेल त्यावर सगळ्या स्टेज चालतात. त्याऐवजी वर 'एजंट नन' लिहा आणि प्रत्येक स्टेजमध्ये तिचा एजंट लेबलने मागा. (फाइलमध्ये हे शब्द अर्थातच रोमन लिपीत.) लेबलं जोडताही येतात: 'लिनक्स' आणि 'जीपीयू' दोन्ही असलेलं मशीन हवं, असं सांगता येतं. तसं मशीन मोकळं नसेल तर स्टेज रांगेत थांबते. चुकीच्या मशीनवर धावण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

लेबल मशीनच्या नावाचं नको, गुणाचं हवं. 'तिसरं मशीन' मागितलं आणि ते बंद पडलं, तर सगळंच अडतं. 'जीपीयू' मागितलं तर तसं दुसरं मशीन चालतं. मात्र लेबल माणूस चिकटवतो. ते खरं आहे की नाही, हे जेनकिन्स तपासत नाही. म्हणून स्टेजच्या सुरुवातीलाच प्रोसेसर, कोअरची संख्या आणि कंपाइलरची आवृत्ती लॉगमध्ये छापून घ्या. पुढे कुणी 'हा आकडा कुठून आला?' असं विचारलं, तर उत्तर हाताशी असतं.

फाइली मागोमाग येत नाहीत

इथे नवखे हमखास अडखळतात. स्टेजचं मशीन बदललं की कामाचं फोल्डरही बदलतं. मूळ कोड जेनकिन्स तिथे पुन्हा उतरवून घेतो, पण आधीच्या स्टेजने कंपाइल केलेल्या फाइली तिथे नसतात. त्या आधी 'स्टॅश' करून ठेवायच्या आणि पुढच्या स्टेजमध्ये 'अनस्टॅश' करून घ्यायच्या. ही सोय लहान फाइलींसाठी आहे. मोठा डेटा सामायिक डिस्कवर ठेवलेला बरा.

एवढं जमलं की याच लेबलांचा उलटाही उपयोग होतो. एकच चाचणी मुद्दाम दोन प्रकारच्या मशीनवर चालवा आणि किती फरक चालेल, याची मर्यादा आधीच ठरवून ठेवा. उत्तरं त्या मर्यादेत जुळली, तर निष्कर्षावरचा विश्वास वाढतो. नाही जुळली, तर शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.