‘वरून पैसे आले नाहीत’ – मग वर कोण विचारतं?



या वेळचा पाठ आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा थोडा वेगळा आहे. पण तुम्ही दर महिन्याला बैठकीत जे करता, तेच यात आहे. फक्त बैठक मोठी आहे.

सुरुवात एका पाड्यावरून करते. तिथला एक गट शाळेत मुलांसाठी पोषण आहार शिजवतो. इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे चार महिने आले नव्हते. ताईंनी किराणा उधारीवर आणला. शेवटी दुकानदार थांबेना, म्हणून गटातून अंतर्गत कर्ज घेऊन त्याचं देणं भागवलं. म्हणजे खिचडी सरकारची आणि व्याज आपलं! मी त्यांच्याबरोबर एका कार्यालयात तीन वेळा गेले. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, ‘वरून पैसे आले नाहीत.’

परत येताना गटातल्या एक वयस्कर मावशी रिक्षात मला म्हणाल्या, ‘बाय, हे वर वर म्हणतात, ते वर म्हंजे नक्की कुठं? आन तिथं कोण विचारतं का त्यांना?’

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलंय, पण त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून घरी येऊन वाचलं, विचारलं, समजून घेतलं. तेच आज तुमच्यासमोर मांडते.

मोठी बैठक

आपल्या गटात पेटी कोषाध्यक्ष ताईकडे असते. पण पैसे तिचे नसतात, सगळ्यांचे असतात. म्हणून कोणतीही सदस्य विचारू शकते, ‘या महिन्यात खर्च किती झाला? पावती कुठाय?’ विचारलं म्हणून भांडण झालं, असं कोणी मानत नाही. उलट ज्या गटात असं विचारलं जातं, त्या गटाचं कॅशबुक चोख असतं.

राज्याचंही तसंच आहे. पेटी मंत्र्यांकडे असते. पैसे आपले असतात. आपण काडेपेटी घेतली, मोबाइलचा रिचार्ज मारला, तरी कर भरतोच. आणि विचारायचं काम आपण आमदारांना दिलंय. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार निवडून येतात. विधान परिषदेत ७८ जागा आहेत. आपल्या पालघर जिल्ह्यातून विधानसभेवर ६ आमदार जातात : डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई. आपली राज्यघटना सांगते की मंत्रिमंडळ सगळं मिळून विधानसभेला जबाबदार असतं. म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर देणं ही मेहरबानी नाही, ते त्यांचं काम आहे.

वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. मार्चच्या सुमाराला अर्थसंकल्पाचं आणि पावसाळ्यात दुसरं, ही दोन्ही मुंबईला. हिवाळ्यातलं नागपूरला.

विचारण्याचे प्रकार

तारांकित प्रश्न. यादीत या प्रश्नाजवळ ताऱ्याची खूण असते. प्रश्न अधिवेशनाच्या आधी लेखी द्यावा लागतो. याचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतात. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या उत्तरावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. लिहून आणलेलं उत्तर वाचणं सोपं असतं, उपप्रश्नाला मात्र विषय माहीत असावा लागतो. सभागृहाचा हा वेळ म्हणजे प्रश्नोत्तराचा तास.

अतारांकित प्रश्न. याला फक्त लेखी उत्तर मिळतं. आकडे, याद्या, तालुकावार माहिती हवी असेल तर हा प्रकार उपयोगी.

लक्षवेधी सूचना. तातडीची, लोकांच्या जिव्हाळ्याची बाब असेल तर आमदार मंत्र्यांचं तिकडे लक्ष वेधतात आणि मंत्र्यांना निवेदन करावं लागतं.

अर्धा तास चर्चा. उत्तराने समाधान झालं नाही, तर त्याच विषयावर वेगळी चर्चा मागता येते.

कपात सूचना. ही थेट पैशाची. अर्थसंकल्पात प्रत्येक खातं आपली मागणी मांडतं. त्या मागणीतून रक्कम कमी करा, अशी सूचना आमदार देऊ शकतात. धोरणच मान्य नसेल तर ‘ही मागणी कमी करून १ रुपयावर आणा’ असंही म्हणता येतं. ती मंजूर क्वचितच होते, पण त्या निमित्ताने खात्याच्या कारभारावर बोलता येतं.

समित्या. खर्च झाल्यावर महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. आपल्या गटाचं ऑडिट होतं तसं. त्यांचा अहवाल विधिमंडळात येतो आणि लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारते, ‘हा खर्च असा का?’ मंत्र्यांनी सभागृहात ‘करू’ म्हटलेलं खरंच झालं का, हे पाहायला आश्वासन समिती असते. अनुसूचित जमाती कल्याणासाठीही वेगळी समिती आहे.

एका प्रश्नाची ताकद

तुमच्यापैकी बऱ्याच जणींची एलआयसी पॉलिसी आहे. म्हणून ही गोष्ट सांगते.

एलआयसी १९५६ साली सुरू झाली. वर्षभरातच तिने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांमध्ये सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. त्या काळचे सव्वा कोटी! कंपन्यांची हालत चांगली नव्हती. १९५७ मध्ये लोकसभेत यावर प्रश्न विचारले गेले. नेटाने विचारणारे खासदार होते फिरोज गांधी. ते सत्ताधारी काँग्रेस पक्षाचेच होते आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई होते. तरी त्यांनी विचारलं, कारण पैसा पॉलिसी काढणाऱ्या साध्या माणसांचा होता.

मग चौकशी नेमली गेली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी ती मुंबईत, लोकांसमोर, उघडपणे केली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, प्रश्न विचारणं म्हणजे विरोध करणं नव्हे, आपल्या माणसालाही विचारता येतं. दुसरी, प्रश्नाला आकडा होता, कंपन्यांची नावं होती. नुसतं ‘भ्रष्टाचार झाला’ म्हणून भागलं नसतं.

आपल्या जिल्ह्याचा प्रश्न

आता घराजवळ येऊ. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त बालकं कुपोषणाने दगावली. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. त्या बातम्यांनी सगळं राज्य हादरलं.

पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. २०१५ मध्ये सरकारने आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. अंगणवाडीत दिवसातून एक वेळ पूर्ण गरम जेवण, अशी ती योजना. नंतर लहान मुलांना अंडी किंवा केळी देणंही त्यात आलं. तरीही २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंमुळे आपला जिल्हा पुन्हा बातम्यांत आला. त्या वेळी आदिवासी विकासमंत्री आणि आपले पालकमंत्री होते विष्णू सवरा. ते आपल्याच विक्रमगडचे आमदार होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जो आमदार मंत्री होतो, तो प्रश्न विचारत नाही, त्याला उत्तर द्यायचं असतं. मग त्या मतदारसंघाचं कोण विचारणार? नियम असा की कोणताही आमदार राज्यातल्या कोणत्याही भागाबद्दल विचारू शकतो. शेजारच्या मतदारसंघाचे आमदार, विधान परिषदेचे सदस्य, सगळे. म्हणून ‘आपले साहेब मंत्री आहेत, आता काय बोलायचं’ असं म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

कोणाचा प्रश्न कुठे?

चुकीच्या दारात गेलं की फेरी फुकट जाते. म्हणून हे पाठ करून ठेवा.

– तारापूर अणुऊर्जा केंद्र, रेल्वे, वाढवण बंदर : केंद्र सरकारचा विषय. प्रश्न खासदार विचारतील, लोकसभेत किंवा राज्यसभेत.
– बोईसर-तारापूर एमआयडीसीतला धूर आणि सांडपाणी, एसटी, आश्रमशाळा, ग्रामीण रुग्णालय : राज्याचा विषय. प्रश्न आमदार विचारतील.
– शालेय पोषण आहार : दोघांचा. शिजवण्याच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. म्हणून दोन्हीकडे विचारता येतं.
– जिल्हा परिषदेच्या शाळेची गळकी खोली, गावातला रस्ता : आधी ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद. जिल्हा परिषदेचं कार्यालय आपल्या कोळगावलाच आहे. तिथे दाद लागली नाही तर आमदारांमार्फत ग्रामविकास मंत्र्यांना.

मावशींच्या ‘वर म्हंजे कुठं’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ‘वर’ एक नाही. विचारायचं ते ‘वर’ कुठलं, हे आधी ओळखायचं.

प्रश्न लिहायचा कसा?

आम्ही पहिल्यांदा आमदारांच्या कार्यालयात अर्ज दिला तो असा होता : ‘गटांवर फार अन्याय होत आहे, तरी न्याय मिळावा.’ तिथल्या सहाय्यकांनी वाचला आणि विचारलं, ‘ताई, यात आकडा कुठाय? महिना कुठला? शाळा किती?’ मला राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं. तो अर्ज मीच लिहिला होता, चूक माझी होती.

मग आम्ही विधिमंडळाच्या प्रश्नांची छापील यादी पाहिली. त्यांची एक ठरलेली भाषा असते. त्या भाषेत आमचा प्रश्न असा झाला :

(१) तालुक्यातील शाळांमध्ये पोषण आहार शिजवणाऱ्या काही बचत गटांची जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांची इंधन व भाजीपाल्याची देयके प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, अशा गटांची संख्या व प्रलंबित रक्कम किती आहे;
(३) या बाबीसाठी चालू वर्षी किती तरतूद करण्यात आली व त्यापैकी किती निधी जिल्ह्यास वितरित झाला;
(४) थकीत रक्कम केव्हापर्यंत अदा करण्यात येईल;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या ओळीत ‘काही’ शब्द मुद्दाम आहे. ‘सर्व गटांची देयके प्रलंबित आहेत’ असं लिहिलं असतं आणि एका गटाला जरी पैसे मिळाले असते, तर उत्तर आलं असतं, ‘हे खरे नाही.’ आणि त्याखाली, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं! एका शब्दाने सगळा प्रश्न पडतो. तिसरा भाग सगळ्यात कामाचा. पैसे मुळात ठेवलेच नव्हते, की ठेवले आणि निघाले नाहीत, की निघाले आणि वाटेत अडकले, हे त्यातून कळतं.

प्रश्नासोबत आम्ही शाळांची यादी, महिनावार थकबाकी आणि आधी दिलेल्या अर्जांच्या पोच जोडल्या. आपल्या गटांची दप्तरं नीट होती म्हणून हे दोन दिवसांत जमलं. ज्या गटाचं दप्तर अर्धवट होतं, त्याचं नाव यादीत घालता आलं नाही. त्या ताईंना फार वाईट वाटलं, मलाही.

खरं ते सांगते

आमचा प्रश्न सभागृहात पोचलाच, असं मी म्हणणार नाही. प्रश्न हजारो येतात, कोणाचा आधी लागणार हे नशिबावर असतं. दिवसाच्या यादीतले थोडेच प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी येतात. कधी गोंधळात तासच वाया जातो. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या काळात संसदेत प्रश्नोत्तराचा तास ठेवलाच नव्हता.

पण कागद तयार करताना आमची एक गोष्ट बदलली. चौथ्या फेरीला आम्ही ‘पैसे कधी?’ असं विचारलं नाही. आम्ही विचारलं, ‘कोणत्या महिन्याचं देयक कोणत्या तारखेला पुढे पाठवलं? जावक क्रमांक द्या.’ समोरच्या साहेबांनी पहिल्यांदाच खुर्ची दिली आणि रजिस्टर उघडलं. दोन महिन्यांची देयकं पुढे गेलीच नव्हती. ती त्याच आठवड्यात गेली. उरलेल्या दोन महिन्यांचे पैसे हा मजकूर लिहीपर्यंत आलेले नाहीत. तो प्रश्न आम्ही सोडलेला नाही.

आणि विचारण्याची जागा फक्त मुंबईत नाही. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग पेसा क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार पंचायतीने योजनेवर खर्च केलेल्या निधीचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. म्हणजे तिथे आमदार आपणच. हात वर करून विचारायचं, ‘किती आले, कशावर गेले, कागद दाखवा.’

पुढच्या बैठकीत करा

१. गावातल्या एका अडलेल्या कामाचं नाव लिहा. ते केंद्राचं, राज्याचं की जिल्हा परिषदेचं, हे ठरवा.
२. त्यावर ‘हे खरे आहे काय’पासून सुरू होणारा पाच भागांचा प्रश्न तयार करा. महिना, आकडा, ठिकाण हवंच.
३. गटातल्या एकीने मंत्री व्हायचं आणि ‘हे खरे नाही’ म्हणायचं. बाकीच्यांनी उपप्रश्न विचारायचे. हसू येईल, पण करून बघा.
४. तयार झालेला प्रश्न इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत आणा. चांगले प्रश्न एकत्र करून पुढच्या अधिवेशनाच्या दोन महिने आधी आपण आमदारांना देऊ.

मावशींना हा पाठ मी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘म्हंजे आपल्या बैठकीवानीच हाय की! फक्त तिथं पेटी मोठी.’

– तुमची क्षेत्र समन्वयक