बिनहोडीची मासेमारी : धक्क्यावरचा जोडधंदा

कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचा असा समज आहे की, मासेमारी म्हटली की होडी आलीच. होडी नसेल तर समुद्राशी आपला संबंध मासळी विकत घेण्यापुरताच. या समजापायी दोन नुकसाने होतात. एक, हाताशी वेळ असलेला कारागीर मंदीच्या दिवसांत रिकामा बसून राहतो. दुसरे नुकसान अधिक मोठे आहे. आखातातून परतलेला तरुण साठवलेली पुंजी आणि वर कर्ज घालून होडी घेतो. पाण्याची ओळख होण्यापूर्वीच हप्ते सुरू होतात आणि मग होडी विकूनही देणे फिटत नाही.

मी कापडाचा व्यापारी आहे. पण माझी बरीच गिऱ्हाइके बंदरपट्टीची आहेत आणि त्यांचे चढउतार उधारीच्या वहीत दिसतात. त्यावरून आणि जाणत्या माणसांशी झालेल्या बोलण्यावरून या विषयाची मांडणी व्यापारी नजरेने करीत आहे. धक्क्यावरून गळ टाकून होणारी मासेमारी हा पूर्ण पोटाचा धंदा नव्हे. मात्र तो चांगला जोडधंदा आहे आणि होडी घेऊ पाहणाऱ्यासाठी सर्वांत स्वस्त शाळा आहे.

मासा धक्क्याकडे का येतो?

होडीवाला माशाकडे जातो. धक्क्यावरच्या माणसाकडे मासा यावा लागतो. म्हणून मासा का येतो हे आधी समजून घेतले पाहिजे.

धक्क्याच्या खांबांवर आणि दगडांवर कालवे व शेवाळ धरते. तेथे लहान खेकडे आणि कोळंबी आसरा घेतात. त्यांना खायला लहान मासे येतात आणि लहान माशांमागे मोठे. शिवाय खांबांच्या आडोशाला पाण्याचा जोर कमी असतो. खाडीच्या तोंडाशी असलेल्या धक्क्यावर आणखी एक फायदा मिळतो. भरतीबरोबर मासा खाडीत शिरतो आणि ओहोटीबरोबर बाहेर पडतो, म्हणजे त्याची ये-जा आपल्या समोरून होते. रात्री धक्क्यावर दिवा असेल तर उजेडाभोवती बारीक जीव जमतात आणि त्यांच्यामागे मासा येतो.

नवा माणूस जोर लावून गळ लांब फेकतो. जाणता माणूस तो खांबाजवळ, उजेड आणि काळोख मिळतात तेथे अलगद सोडतो. तांबोशी आणि गोबरा हे खडकाच्या आडोशाचे मासे आहेत. शिंगाळा तळाशी फिरतो. मुडदुशी वाळूच्या तळावर मिळते. बोय थव्याने वरच्या पाण्यात फिरते आणि पावाच्या तुकड्यालाही लागते. खाडीच्या पट्ट्यात नशीब असेल तर जिताडा मिळतो आणि एका जिताड्यात आठवड्याचा खर्च निघतो.

वेळेचा हिशेब

या धंद्याचे खरे भांडवल पैसा नसून वेळेचे ज्ञान आहे. पाणी वाहते असते तेव्हा मासा चरतो. पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला पाणी थोडा वेळ थबकते, तेव्हा तोही थंडावतो. म्हणून भरती पूर्ण होण्यापूर्वीचे दोन तास आणि ओहोटी लागल्यानंतरचे दोन तास सांभाळावेत.

दिवसात साधारणपणे दोन भरत्या येतात आणि रोज त्यांची वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीला तीनाने गुणून चाराने भागावे, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला ८ गुणिले ३ म्हणजे २४, भागिले ४ म्हणजे ६. त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी.

आपल्या घरात चांदाची तारीख चालते. तिच्यावरूनही हा हिशेब होतो. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी भारतात ईद-उल-फित्र आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आल्या होत्या. म्हणजे चांदाची पहिली तारीख तेव्हा तिथीने तृतीया होती. म्हणून चांदाच्या तारखेत २ मिळवावेत, बेरीज १५ च्या वर गेली तर १५ वजा करावेत आणि मग पाऊणपट करावी. चांदाची १० असेल तर १२ ची पाऊणपट म्हणजे ९ वाजता. चांदाची २० असेल तर २२ मधून १५ गेले ७, त्याची पाऊणपट सव्वापाच. हा ढोबळ हिशेब आहे. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो आणि खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोचते. पक्की वेळ हवी असेल तर छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे.

वेळेबरोबर पाण्याचा जोरही पाहावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी जवळजवळ ५ मीटरपर्यंत चढते. तेव्हा प्रवाहाला जोर असतो आणि जड शिसे लागते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद चालते आणि हलके शिसे पुरते. शिकणाऱ्याने भांगाच्या दिवसांपासून सुरुवात करावी.

साहित्य

सुरुवातीला महागड्या काठीची व चरखीची गरज नाही. तंगुसाची एक गुंडी, ती गुंडाळायला लाकडी पाटी, तीन मापांचे गळ, शिसे, सुरी आणि बर्फाचा डबा एवढे पुरते. लांब दोरीचा एक झेला मात्र अवश्य ठेवावा. धक्का पाण्यापासून उंच असतो. मोठा मासा नुसत्या तंगुसावर वर ओढला तर तोंड फाटून परत पाण्यात जातो.

एक युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिसे मूळ तंगुसाला थेट न बांधता कच्च्या सुती दोऱ्याने बांधावे. शिसे दगडात अडकले तर कच्चा दोरा तुटतो आणि गळ, तंगूस व मासा वाचतो. रोज चार गळ गमावणारा आणि रोज एक शिसे गमावणारा यांच्या वर्षाच्या हिशेबात मोठा फरक पडतो.

आमिषासाठी कोळंबी, तारलीचे किंवा बांगड्याचे तुकडे चालतात. म्हाकूल चिवट असते, म्हणून गळावर अधिक वेळ टिकते. खेकड्यांसाठी लोखंडी कडीला जाळी ताणून मधोमध माशाचे डोके बांधावे, तळाशी सोडावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी झटक्यात वर घ्यावे.

वहीत काय लिहावे?

आपले लोक येथेच कमी पडतात. मासा मिळाला की नफा, असे धरून चालतात. प्रत्येक खेपेची नोंद ठेवावी : चांदाची तारीख, भरतीची वेळ, किती तास बसलो, आमिष, बर्फ व प्रवास यांचा खर्च, गमावलेले साहित्य, मिळालेले वजन, विकले किती, घरी खाल्ले किती. घरी खाल्लेला मासा बाजारभावाने जमा धरावा, पण तो एरवी विकत घेतला असता तरच.

उदाहरण घेऊ. समजा महिन्यात १२ खेपा झाल्या आणि प्रत्येक खेप ५ तासांची, म्हणजे ६० तास. दर खेपेचा खर्च १५० रुपये, एकूण १,८०० रुपये. विक्री आणि घरखर्चातील बचत मिळून ४,८०० रुपये. शिल्लक ३,००० रुपये, म्हणजे तासाला ५० रुपये. आता ज्या शिंप्याला मशीनवर तासाला ८० रुपये सुटतात, त्याने ईदच्या हंगामात धक्क्यावर जाणे म्हणजे तासाला ३० रुपये समुद्रात टाकणे होय. तोच शिंपी मंदीत किंवा इशानंतरच्या रिकाम्या वेळेत गेला तर ते ५० रुपये निव्वळ मिळकत आहेत. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. पद्धत हीच ठेवावी.

विक्री

एवढ्या थोड्या मालाने लिलावाच्या बाजारात टिकाव लागत नाही. आपली जमेची बाजू ताजेपणा. चार-पाच घरे आणि एखादी खानावळ बांधून घ्यावी. गरमीच्या दिवसांत माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो, त्यात काटकसर करू नये. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीची टंचाई होऊन भाव चढतात. पण समुद्र सर्वांत धोकादायक असतो तोही तेव्हाच. गिऱ्हाईक ओळखावे. शाफई कोकणी घरांत खेकड्याला मागणी असते, हनफी घरे तो घेत नाहीत. त्यामुळे कोणता माल कोणत्या मोहल्ल्यात न्यायचा हे आधी ठरवावे.

कायदा आणि जोखीम

धक्का हा मुळात दुसऱ्याच्या कामाची जागा आहे. प्रवासी बोट किंवा मच्छीमार नौका लागण्याच्या वेळी दोर आवरून बाजूला व्हावे. नौदलाच्या आणि मनाई केलेल्या जागी जाऊ नये. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर चौकशी कडक झाली आहे; ओळखपत्र खिशात असावे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने अनेक जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. लहान मासा जिवंत असतानाच परत सोडावा. पुढच्या वर्षीची पुंजी तीच आहे. तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नये, त्यात पक्षी आणि मासे अडकून मरतात.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा एक आणि दोन बाजूंचे दोन असे तीन काटे विषारी असतात. पाकटाच्या शेपटीतही तसाच काटा असतो. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती जागा बुडवून ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावे. शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरू नये, एकट्याने रात्री बसू नये, पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी घरीच राहावे.

सारांश

कोणताही हुन्नर उस्तादाच्या हाताखाली शिकावा लागतो. रत्नागिरीच्या राजिवडा, मिरकरवाड्यापासून दाभोळ, हर्णैपर्यंत असे तजुर्बेकार लोक आपल्यातच आहेत. त्यांच्या शेजारी बसावे, पाहावे, विचारावे. ज्याला होडी घ्यावयाची आहे त्याने आधी एक पूर्ण वर्ष धक्क्यावर काढावे आणि वही भरावी. वर्षाअखेर वहीत शिल्लक दिसली आणि पाण्याची वेळ कोष्टकाशिवाय सांगता येऊ लागली, तर होडीचा विचार करावा. शिल्लक दिसली नाही, तर गेले ते थोडे तंगूस आणि काही गळ. घर, दागिने आणि इज्जत जागच्या जागी राहिली.