निष्ठा, सराव आणि कल्याणमित्र



निकाल लागला की आपण यशस्वी विद्यार्थ्याच्या बुद्धीचे कौतुक करतो. परंतु ती बुद्धी कोणी हेरली, त्याने किती कष्ट उपसले आणि त्याची चूक कोणी दाखविली, हे आपण विचारीत नाही. प. पू. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन या तिन्ही प्रश्नांचे उत्तर आहे.

कल्याणमित्र : कल्याणमित्रता ही धम्मजीवनाचा अर्धा भाग नसून संपूर्ण धम्मजीवन होय, असे भगवान बुद्धांनी आनंदाला सांगितले. बालभीमाला असे कल्याणमित्र कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या रूपाने लाभले. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

निष्ठा : शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. त्यांनी ध्येय मात्र सोडले नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांची उसनवारी घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

सराव : १९२२ साली सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला. बाबासाहेबांनी तो नव्याने लिहून पाठविला आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळविली. ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी त्यातील अनेक मतांशी आपला मतभेद असल्याचे स्पष्ट नमूद केले, तरीही विचारांच्या ताजेपणाची वाखाणणी केली. खरा मार्गदर्शक होला हो म्हणत नाही. तो उणीव दाखवितो आणि पाठीशीही उभा राहतो.

बाबासाहेबांनी हे ऋण समाजाला परत केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, तेव्हाच्या औरंगाबादेत, पुढे मिलिंद म्हणून नावारूपास आलेले महाविद्यालय त्यांनी उभे केले.

आता पाळी आपली आहे. मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेड राजाच्या खेड्यांत आजही हुशार मुले आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या घरात अर्ज भरून देणारे कोणी नाही. शिकून नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने एका तरी विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी. रविवारी विहारात वंदना झाल्यावर तासभर बसून त्याची उत्तरे तपासावीत, चुका सांगाव्यात, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरून द्यावा. विद्यार्थ्यांनीही चूक दाखविणाऱ्याचा राग न धरता तेच उत्तर पुन्हा लिहावे.

आपण कितीजणांचे केळुसकर गुरुजी झालो, यावरूनही आपल्या यशाचे मोजमाप व्हावे.

नमो बुद्धाय! जय भीम!